खंडूची अर्धी गोळी

ही गोष्ट सांगायची मी लई वर्षं टाळली. कुणी जवळ येऊन बसलं आन् त्या सालाचा विषय काढला, की मी बैलाला पाणी दाखवायचं निमित्त करून उठायचो. आता बैल बी न्हाई राहिले आन् निमित्तं बी संपली. तुमी हिंगोलीहून एवढ्या उन्हात आलात, काका तुमचं आयुष्य सांगा, मी लिहून घेतो म्हणलात. मंग लिहा. पण काय सांगू तुम्हाला, माझं सांगायचं म्हणजे माझ्या धाकट्या भावाचं सांगावं लागतं, खंडूचं. त्याच्याबिगर माझी गोष्ट होतच न्हाई. जन्मभर मी त्याच्याकडंच पाहत राहिलो, त्याच्या ताटात काय पडलं, त्याला कुणी काय म्हणलं. आपल्या ताटाकडं पाहायला सवड झाली न्हाई.

आमी धनगर. गाव औंढा तालुक्यातलं, जवळा बाजारच्या अंगाला. बापाकडं मेंढरं होती आन् थोडी कोरडवाहू जमीन, आन् आमी दोघं भाऊ, मी मारोती थोरला, खंडू माझ्या मागचा. बाप म्हातारा झाला तवा वाटणीचा विषय निघाला. बापानं कागद काढला न्हाई का पंच बोलावले न्हाईत. पडीक रानात मेंढरं मधी उभी केली, मला एका टोकाला उभं केलं, खंडूला दुसऱ्या टोकाला, आन् म्हणला हाका मारा. मी जीव तोडून हाका मारल्या, घसा बसला. खंडूनं टाळूला जीभ लावून दोनदा आवाज केला, आन् सारी मेंढरं त्याच्याकडं गेली, एक लंगडी मेंढी होती ती सुद्धा मागून लंगडत लंगडत गेली. बाप हसला. म्हणला, मारोत्या, तुझ्या मागं बैल येतील, तू जमीन घे. बापाच्या मनात वाईट काहीच नव्हतं. पण ते हसणं माझ्या कानात अजून हाय पहा.

तवापासून मी नांगरामागं आन् तो मेंढरामागं. लोक म्हणतील, जमीन मिळाली ती थोरल्यालाच मिळाली, मंग रडतो काहून. व्हय, मिळाली. पण खंडूला जे मिळालं ते वेगळंच होतं. सुगी झाली की शेतकरी त्याच्याकडं माणूस धाडायचे, खंडू, आमच्या वावरात मेंढरं बसव, म्हणजे रात्री मेंढरं त्या रानात बसली की लेंडीखत पडतं, रान कसदार होतं. जवळा बाजारच्या बाजारात आमी दोघं सोबत चाललो तर लोक आधी त्याला रामराम घालायचे, मंग माझ्याकडं पाहून म्हणायचे, आन् मारोतराव बरे का. बाप गेला तवा त्याचे पाय मी चेपून राहिलो होतो, किती दिवस चेपून राहिलो होतो, आन् बापानं डोळे उघडून इचारलं काय, तर खंडू आला का.

खंडूचा एक नेम होता. नेम त्याचा एकट्याचा न्हाई, आमच्या घराचाच, बापाचा, आज्याचा. मेंढरं पाणी पेल्याबिगर आपण भाकर सोडायची न्हाई. सकाळी चहाचा घोट घ्यायचा, भाकर फडक्यात बांधून कमरेला लावायची आन् निघायचं. मेंढरं चरत चरत पाण्यावर जाणार, पाणी पिणार, सावलीला उभी राहणार, मंग धनगरानं भाकर सोडायची. उन्हाळ्यात दुपार कलायची. मुकं जनावर तहानलेलं असताना आपण खाल्लं तर ते अन्न अंगी लागत न्हाई, असं बाप म्हणायचा. मी जमीन घेतली तसा माझा नेम सुटला. खंडूनं पाळला. हे ध्यानात ठेवा, कारण पुढं सारं ह्याच्यावरच घडलं.

आता आजाराचं सांगतो. माझ्या डोळ्यात मोतीबिंदू झाला, ऑपरेशनच्या आधी सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं, तर म्हणले काका, तुम्हाला सी ची कावीळ हाय. मी म्हणलं, डोळे पिवळे न्हाईत, लघवी पिवळी न्हाई, कसली कावीळ. तिथली डॉक्टरीणबाई माझ्या नातीच्या वयाची, पण बोलणं ठाम. ती म्हणली, हिपॅटायटिस सी म्हणतात ह्याला. हा विषाणू वर्षानुवर्षं लिव्हरमधी गुपचूप बसतो. दुखत न्हाई, खुपत न्हाई, पण आतून लिव्हर खराब करतो. रक्तातून येतो. लहानपणी सुया टोचून घेतल्या का? मी म्हणलं, घेतल्या की. बाजाराच्या दिवशी एक सुईवाला यायचा, काचेची पिचकारी, एकाच डब्यातल्या पाण्यात बुडवायची आन् ओळीनं टोचायची, ताप असो का खोकला. तिनं इचारलं, सोबत कोण असायचं? मी म्हणलं, भाऊ. ती म्हणली, त्याला घेऊन या.

खंडूलाबी तेच निघालं. एका ताटात जेवलो, एका घोंगडीत झोपलो, आन् आजारबी बहुतेक एकाच सुईनं घेतला. आमच्या दोघांना साखरेची बीमारी आधीपासून होतीच. डॉक्टरीणबाई म्हणली, लिव्हरमधला हा विषाणू साखरेचंबी गणित बिघडवतो, शरीर आपलंच इन्सुलिन मानायला तयार होत न्हाई, म्हणून ह्या आजाराच्या लई लोकांना साखर असते. आता गोळ्या आल्यात, तीन महिने रोज घ्यायच्या, सरकारकडून फुकट हायेत, विषाणू जातो. फक्त खाडा करायचा न्हाई. मी म्हणलं, आन् साखर? ती म्हणली, कुणाची उतरते, कुणाची न्हाई उतरत. ते प्रत्येकाचं वेगळं. आधीच कबूल करत न्हाई.

खंडू बिऱ्हाड घेऊन सिद्धेश्वर धरणाकडच्या रानात गेलता, मेंढरं सोडून त्याला दर महिन्याला हिंगोलीला येणं होईना. मंग ठरलं, दोघांचे गोळ्यांचे डबे मी आणायचे आन् त्याचा डबा त्याला नेऊन द्यायचा. एकाच दिवशी आमी दोघांनी पहिली गोळी घेतली. त्याच्या बायकोनं, गयाबाईनं, दोघांच्या हातावर पाणी दिलं आन् म्हणली, आता दोघं भाऊ सोबत बरे व्हा. मी मनात म्हणलं, सोबत कधी काय झालंय आमचं.

गोळ्यांनी दोन आठवड्यातच फरक पडला. माझी मरगळ गेली. किती वर्षं अंग मोडल्यासारखं राहायचं, ते गेलं, आन् भूक अशी लागायला लागली की आमच्या घरची, माझी बायको, भाकरी थापून थापून थकली. ती म्हणायची, ह्या गोळ्या काविळीच्या हायेत का भस्म्या रोगाच्या? पोट सुटलं माझं. कडदोरा आवळायला लागला. आन् तिकडं खंडू? तो दिवसभर मेंढरामागं चालायचा, त्याचं अंग वेतासारखं झालं, गालावर तेज आलं. बाजारात भेटला तर माणसं म्हणायची, खंडू, पुन्हा लगीन करतो का काय. एकाच कारखान्याची गोळी, एकाच रंगाची, एकाच दिवशी सुरू केलेली. मी रोज सकाळी गोळी तळहातावर घेऊन तिच्याकडं पाहायचो आन् म्हणायचो, तूबी त्याचीच का.

मंग मधलं रक्त तपासायचं आलं. खंडू एका दिवसात येऊन रक्त देऊन गेला, रिपोर्ट आणायला मी गेलो. डॉक्टरीणबाईनं कागद पाहिले आन् हसली. म्हणली काका, दोघांच्याबी रक्तात विषाणू दिसेना, गोळी लागू पडली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मंग ती म्हणली, तुमची साखर हाय तिथंच हाय, आन् वजन वाढलंय, कोलेस्टेरॉलबी चढलंय. मी म्हणलं, बाई, माझं कोलेस्टेरॉल तर कायम कमी असायचं, मागचा डॉक्टर शाबासकी द्यायचा. ती म्हणली, ती शाबासकी तुमची नव्हती काका, आजारानंच ते दाबून ठेवलं होतं. आता आजार गेला, खरा आकडा वर आला. आता तेल-तूप कमी करा, चाला. मी मान हलवली. माझ्या पुण्याईचं एक होतं, तेबी आजाराचं निघालं.

मंग तिनं खंडूचा कागद वर घेतला आन् तिचा आवाज बदलला. म्हणली, भावाची साखर मात्र लई उतरलीय. चांगली गोष्ट हाय, पण सांभाळायची गोष्ट हाय. तुमची साखरेची गोळी वेगळी, त्यांची कडक हाय, ती साखर ढकलून खाली पाडते. आतापर्यंत आजारामुळं ती गोळी पुरत नव्हती, आता आजार गेला तर तीच गोळी जास्त होईल. आजपासून अर्धी. उपाशीपोटी तर घ्यायचीच न्हाई, घास समोर असल्यावर घ्यायची. घाम सुटला, हात कापले, डोळ्यापुढं अंधारी आली तर लगेच साखर न्हाई तर गूळ तोंडात. आन् ह्याच आठवड्यात त्यांना माझ्याकडं आणा. लावा फोन त्यांना, मी बोलते.

मी म्हणलं, बाई, तिकडं रानात रेंज न्हाई.

रेंज होती. सकाळीच त्याचा फोन येऊन गेलता, दादा, येताना बॅटरीचे सेल आण म्हणून. डॉक्टरीणबाई म्हणली, मंग आजच्या आज जाऊन सांगा. मी म्हणलं, आजच जातो.

आन् गेलो बी. हे मला जास्त लागतं, की मी गेलो. न गेलो असतो तर म्हणता आलं असतं, गाडी चुकली, पाऊस आला, विसरलो. मी सेल घेतले, गोळ्यांचा डबा घेतला, आन् दुपार उतरता उतरता बिऱ्हाडावर पोचलो. वाटेनं मी आपला घोकतच गेलो, अर्धी गोळी, घास समोर असल्यावर, गूळ. सारं ध्यानात होतं. ज्याच्या वावरात मेंढरं बसली होती तो शेतकरी तिथं बसलेला. गयाबाईनं चहा टाकला. शेतकरी म्हणला, या मारोतराव. काय तुमचा भाऊ, आजारातून उठला का जवान होऊन आला? आन् तुमी मात्र सात महिन्याच्या पोटुशीसारखे दिसून राहिलात. सारे हसले. गयाबाई पदर तोंडाला लावून हसली. खंडूबी हसला. तो कधी मला हसत न्हाई, पण त्या दिवशी हसला, आन् हसता हसता म्हणला, दादाचं काय, दादा बसून खातो, आमी चालून खातो.

मी चहा पेलो. डबा त्याच्या हातात दिला. तो म्हणला, डॉक्टरीण काय म्हणली?

मी म्हणलं, आजार गेला म्हणली, दोघांचा.

त्यानं डबा कपाळाला लावला. म्हणला, आन् गोळ्या?

चालू ठेव म्हणली.

साखरेची बी?

साखरेची बी.

एवढंच. तुमी लिहून राहिलात तर बराबर लिहा. मला त्याला मारायचं नव्हतं. कुणाचीबी शपथ घालून सांगतो, मरणाचा इचार मनाला शिवला न्हाई. मला फक्त त्याला चांगली बातमी सांगायची नव्हती. तुझी साखर उतरली, तुझी गोळी अर्धी झाली, हे माझ्या तोंडून त्या माणसांसमोर निघू द्यायचं नव्हतं. मेंढरं त्याची, बाप त्याचा, रामराम त्याला, आता बरं होणंबी त्याचंच. म्हणलं, कळंल त्याला कधी तरी, एवढी काय घाई. दोन दिवसांनी फोन करू. दुसऱ्या दिवशी फोन हातात घेतला आन् ठेवला. तिसऱ्या दिवशी घेतलाच न्हाई.

मंग त्यानंतर गयाबाईचाच फोन आला, नुसती रडून राहिली, दादा या, हे पडलेत, उठत न्हाईत. शेजाऱ्याची मोटरसायकल होती, त्याच्या मागं बसून गेलो. धरणाच्या कडेला एक भोई मासे धरून राहिला होता, त्याला मेंढरं दिसली, पण माणूस दिसेना, म्हणून तो वर चढून आला. मेंढरं पाण्याच्या अलीकडंच थबकली होती, गोल करून उभी. आन् खंडू खाली, दरडीच्या पायथ्याला दगडात, एक पाय वाकडा. आमी पोचेपर्यंत दहा माणसं जमली होती. कुणी म्हणतं साप डसला, कुणी म्हणतं अंगावरून वारं गेलं, एक जण म्हणला पेला असंल. खंडू आयुष्यात पेला न्हाई. मी जवळ गेलो, तर त्याचा सदरा असा ओला की कुणी पाण्यातून काढावा, आन् कपाळ थंड.

मला बराबर ठाऊक होतं काय झालंय. त्या जमलेल्या माणसांत मला एकट्यालाच ठाऊक होतं.

मी ओरडलो, साखर आणा, साखर. गयाबाई बिऱ्हाडाकडं पळाली, पदरात साखर घेऊन आली. मी त्याला कुशीवर केलं, बोट ओलं करून साखरेत घातलं आन् त्याच्या गालाच्या आतून, हिरडीला, चोळत राहिलो. लोक म्हणले, म्हाताऱ्याला येड लागलं, साखरेच्या बीमारीवाल्याला साखर देऊन राहिला. मी चोळत राहिलो. खंडू खंडू करत राहिलो. मंग त्याची पापणी हलली. डोळे उघडले, पण ओळख पटेना, जरा येळानं पटली. माझ्याकडं पाहिलं आन् म्हणला, दादा, मेंढरं पाणी पेली का?

कमरेला भाकर तशीच बांधलेली होती.

तोंड धुतलं की साखरेची गोळी, चहा, आन् मंग दुपारपर्यंत काही न्हाई. इतकी वर्षं त्याची तीच रीत होती आन् इतकी वर्षं निभावली, कारण साखर वरच असायची. हे मला न्हाई तर कुणाला ठाऊक असणार.

खुब्याचं हाड मोडलं होतं. नांदेडला नेलं, सळई घातली. तिथं लोक भेटायला यायचे आन् माझ्याकडं बोट दाखवून सांगायचे, थोरल्यानं जीव वाचवला, डॉक्टरलाबी सुचलं नसतं ते ह्याला सुचलं. जन्मात पहिल्यांदा लोक आधी मला रामराम घालून राहिले होते. खंडू पडल्या पडल्या सांगायचा, दादा नसता तर मी गेलोच होतो. त्यानं एकदा इचारलंबी, दादा, तुला कसं कळलं साखर द्यायचं? मी म्हणलं, असंच सुचलं.

हाड जुळलं पण पाय आखूड पडला. मेंढरामागं चालणं संपलं. त्याची लेकं पुण्याकडं कामाला, मेंढरं कोण सांभाळणार, म्हणून विकायचं ठरलं. व्यापाऱ्याचा ट्रक घरापुढं आला. फळी लावली, पण मेंढरं काही चढेनात. एकीला ओढलं तर दुसरी मागं पळायची. व्यापारी वैतागला, म्हणला, मालकाला बोलवा. खंडू आत खाटेवर होता, बाहेर यायचं न्हाई म्हणून तोंड फिरवून पडला होता. शेवटी गयाबाई आत गेली आन् काय बोलली कोण जाणे. आतूनच त्यानं टाळूला जीभ लावून तो आवाज केला, दोनदा. ट्रक मेंढरांच्या आन् घराच्या मधी, फळी मेंढरांकडं; मेंढरं त्या आवाजाकडं हुरळली, पुढं सरली, फळीवर आली, आन् गडी त्यांना वर घेत गेले. ट्रक गेला. मेंढरं चढेपर्यंत मी ट्रकाची फळी धरून उभा होतो, दुसरं काय करणार.

आता दुसरी गोष्ट सांगतो, ती पहिलीपेक्षा वाईट हाय. खंडू नांदेडला पडून होता तवाच, पुढच्या महिन्याच्या गोळ्या आणायला मी एकटा दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईनं इचारलं, भाऊ काहून आले न्हाईत? मी पडल्याचं सांगितलं. तिनं पेन खाली ठेवलं. म्हणली, काका, मी गोळी अर्धी करायला सांगितली होती. सांगितलं होतं ना तुमी त्यांना? मी म्हणलं, सांगितलं बाई. ऐकलं न्हाई त्यानं.

कोर्सच्या नंतर काही महिन्यांनी शेवटचं रक्त तपासायचं असतं, विषाणू परत तर आला न्हाई ना म्हणून. तवा खंडू काठी टेकत सोबत आला. मला वाटलं ती विसरली असंल, दिवसाला किती माणसं पाहते. पण ती विसरली नव्हती. रिपोर्ट पाहिला, दोघंबी आजारातून कायमचे सुटले म्हणली, मंग खंडूकडं वळून रागानं म्हणली, पण तुमी ऐकत काहून न्हाई हो? भावानं तुम्हाला सांगितलं होतं, गोळी अर्धी करा, उपाशीपोटी घेऊ नका. जीव गेला असता ना तुमचा.

खंडूनं माझ्याकडं पाहिलं. लई येळ न्हाई. कळपात कुठलं जनावर आजारी हाय ते तो जसं नुसतं पाहून ओळखायचा, तसं पाहिलं. मी खाली फरशीकडं पाहून राहिलो. मंग तो तिला म्हणला, चुकलं बाई. दादानं सांगितलं होतं. माझ्याच ध्यानात राहिलं न्हाई.

येताना एसटीत त्यानं खिडकीची जागा मागितली. वाटेत पेरू घेतले, एक मला दिला, तिखट-मीठ लावून. गावातल्या कोण्या लग्नाबद्दल बोलला. त्या दिवसाबद्दल तवाबी बोलला न्हाई, त्याच्या नंतरबी कधी न्हाई. आन् तुम्हाला काय सांगू, मला त्याचाबी हेवा वाटला. मी खोटं बोललो तर त्याचा पाय गेला, मेंढरं गेली. तो खोटं बोलला तर त्यात मी वाचलो. खोटं बोलण्यातबी तोच मोठा झाला.

अजून एक राहिलं, तेबी लिहा, झाकून काय करू. मेंढरं गेल्यावर खंडूचं चालणं बंद झालं, घरी बसून राहायला लागला. कावीळ तर गेली ती गेलीच, पण अंग वाढलं, आन् उतरलेली साखर हळूहळू पुन्हा चढली. डॉक्टरीणबाईनं सांगितलंच होतं, विषाणू गेला म्हणून साखरेचा कायमचा निकाल लागत न्हाई, चालणं, खाणं सांभाळावंच लागतं. गयाबाई एका सकाळी सांगत आली, दादा, ह्यांची साखरेची गोळी, नांदेडला बंद केलती ती, पुन्हा सुरू झाली. मी अरेरे म्हणलं. पण आत कुठं तरी, काय सांगू तुम्हाला, घटकाभर बरं वाटलं. आता दोघं बराबर झालो, असं वाटलं. माझ्यामुळं लंगडा झालेल्या भावाची साखर वाढली आन् मला बरं वाटलं. त्या दिवसापासून मला माझीच भीती वाटते.

आता माझंबी वय झालं. कोलेस्टेरॉलची गोळी घेतो, साखरेची घेतो, सकाळी मारुतीच्या देवळापर्यंत चालतो, तेल तोडलं, पोट बरंच उतरलं. आमच्या घरची म्हणते, आता माणसात आलात. खंडूचं घर आमच्यापासून चार घरं सोडून. रोज जातो. रोज ठरवून जातो की आज बोलायचं. दसऱ्याला सोनं द्यायला गेलतो तवा ठरवलं होतं, त्यानं माझे पाय धरले आन् मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, मोठा म्हणून आशीर्वाद दिला. त्यानं पाय धरलेले असताना मी काय बोलणार. एकदा सुरू केलं होतं, म्हणलं, खंडू, त्या दिवशी मी रिपोर्ट घेऊन आलतो पहा, तर तो लगेच म्हणला, दादा, त्या वावरात औंदा हळद लावलीय म्हणे. त्याला नको हाय ते. त्यानं ते कधीच पुरून टाकलंय, आन् मी रोज उकरायला जातो, ते त्याच्यासाठी का माझ्यासाठी, मलाच कळेना.

परवाचंच सांगतो. गयाबाई बाजाराला गेलती. खंडू अंगणात खुर्चीत बसलेला, ऊन अंगावर आलं होतं. म्हणला, दादा, मला जरा सावलीला घे. मी त्याच्या काखेत हात घातले आन् उठवला. जड झालाय आता. त्यानं माझ्या गळ्यात हात टाकला, सारा भार माझ्यावर दिला, तसा तो कुणावर टाकत न्हाई, बायकोवर बी न्हाई. त्याचा कान माझ्या तोंडाजवळ आलता. घरात कुणी न्हाई, अंगणात कुणी न्हाई. शब्द जिभेवर आलता, खंड्या, मला माफ कर. दोघंबी हळूहळू चाललो. मी तोंड उघडलं.

म्हणलं, सांभाळ, पायरी हाय.